डोकेदुखीलाही केसपेपरवर जागा द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
आणि राज्यातले सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी



मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशी आहे आणि गेली काही वर्षं ती जुनाट झाली आहे. डॉक्टर जुनाट अर्धशिशी कशाला म्हणतात ते आधी सांगते. महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान 8 दिवस तरी अर्धशिशीची लक्षणं असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालू राहतं. म्हणजे ज्या दिवशी डोकं दुखत नाही, तोच दिवस वेगळा वाटतो. त्या दिवशी घरातली सगळी साठलेली कामं उरकायची असतात, कारण उद्याचा भरवसा नसतो.

तरीही हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत नाही. मला पगार आहे, पुण्याला जाऊन मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणं मला परवडलं, औषध लागू पडलं आणि आता माझे निम्म्याहून जास्त दिवस बरे जातात. माझ्या शाळेच्या आवारात, माझ्या गल्लीत, एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर अशा कितीतरी बायका आहेत ज्यांना हाच आजार आहे आणि ज्या पुण्याला कधी जाणार नाहीत. त्यांना ज्या डॉक्टरकडे जाता येतं तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. माझी मागणी एवढीच आहे की अर्धशिशीचं निदान आणि उपचार त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडून, तिथल्याच औषधांच्या खिडकीतून व्हावेत.

सध्या काय होतं ते आपण कुठल्याही केंद्रात सकाळच्या ओपीडीत बसून बघू शकता. बाहेरच्या बाकावर एखादी तरी बाई अशी असते जिनं कपाळाला फडकं करकचून बांधलंय आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतलाय. तिचा नंबर येतो. काय होतंय विचारल्यावर ती सांगते, "डोस्कं उठलंय, चार दिस झालं." रक्तदाब मोजला जातो, तो बरोबर निघतो. पॅरासिटामॉल आणि पित्ताची गोळी मिळते, उलट्या होत असतील तर सुई. पुढचा पेशंट आत येतो. महिन्यातून किती दिवस दुखतं, दुखताना उजेड आणि आवाज सोसतो का, मळमळतं का, आईला किंवा बहिणीला असंच होतं का आणि दुकानातून किती गोळ्या आणून खाता, हे प्रश्न तिला कुणी विचारत नाही. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. अर्धशिशी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. तिचं निदान पेशंटचं ऐकूनच होतं. त्यामुळे महागडी यंत्रं नसलेल्या केंद्रातही ते नीट होऊ शकतं, आणि हीच मला या आजारातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटते.

यात मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोष देत नाही. गर्दी, लसीकरण, साथीचे आजार, बाळंतपणं आणि संध्याकाळी पोर्टलवरच्या नोंदी, यात त्यांचा दिवस कसा जातो हे गावात राहणाऱ्या कुणालाही दिसतं. ज्या आजाराचा हिशोब वरून कधी मागितला जात नाही, त्याकडे लक्ष जात नाही. मधुमेह आणि रक्तदाबाचा हिशोब मागितला गेला आणि त्यांच्याकडे लक्ष गेलं, हे आम्ही गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. त्यात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग आणि पक्षाघात आले, पुढे फुप्फुसाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे जुनाट आजारही जोडले गेले. आशाताई घरोघरी जाऊन 30 वर्षांवरच्या लोकांचे फॉर्म भरतात. ते काम मोलाचं आहे, ते असंच चालू राहावं. पण अर्धशिशी बहुतेकींना तिशीच्या आधीच गाठते. पाळी सुरू होते त्या वयात मुलींमध्ये तिचं प्रमाण वाढायला लागतं, मोठेपणी ती पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळपास तिप्पट आढळते आणि घर, मुलं, शेत, नोकरी सगळं एकदम अंगावर असतं त्याच वयात तिचा जोर असतो. आपला फॉर्म तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तिची दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात.

हा आजार किती जणांना आहे, याचे आकडे उपलब्ध आहेत. 2021 मध्ये भारतातल्या मेंदूविकारांचा राज्यवार अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2019 मध्ये देशात अर्धशिशीचे 21 कोटींहून जास्त रुग्ण होते. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या संशोधकांनी बेंगळुरू शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन 18 ते 65 वयाच्या लोकांना विचारलं. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण 25.2 टक्के निघालं, म्हणजे चारातला एक. डोकेदुखीचं एकूण प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त होतं. कर्नाटक आमच्या शेजारचं राज्य आहे. तिथल्या शेतकरी बाईचा दिवस आणि मिरजेकडच्या शेतकरी बाईचा दिवस यांत फारसा फरक नाही. जगाच्या पातळीवर पाहिलं तर माणसाला अपंग करणाऱ्या आजारांमध्ये अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. हे 2019 च्या जागतिक आजारभाराच्या आकडेवारीतून निघालेलं आहे. मृत्यूच्या नोंदीत ती दिसत नाही, म्हणून तिची दखल घेतली गेली नाही असं मला वाटतं. तिनं माणूस मरत नाही, पण त्याच्या आयुष्यातले कामाचे आणि सुखाचे दिवस ती काढून घेते.

हा मनाचा खेळ आहे, कामचुकारपणा आहे, फार विचार केल्यानं होतं, असं अजूनही सुशिक्षित घरांतसुद्धा ऐकावं लागतं, म्हणून थोडं शास्त्राबद्दल लिहिते. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे आणि बऱ्याच घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस यात चेतवली जाते, सीजीआरपी नावाचं एक रसायन सुटतं आणि आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती ठणका सुरू होतो. उपचार केला नाही तर हा झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकतो. सीजीआरपीचं काम उलगडणाऱ्या लार्स एडविनसन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना 2021 चं ब्रेन प्राइज मिळालं. या शोधावर उभी राहिलेली नवी इंजेक्शनं 2018 पासून परदेशात वापरात आली. ती महाग आहेत आणि मी ती आज आपल्याकडे मागत नाही. मी जे मागते आहे ते जुनं आणि स्वस्त आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी एका मुलीबद्दल सांगायचं आहे. सातवीचा तास चालू होता. तिनं हात वर करून सांगितलं, "बाई, फळ्याची डावी बाजू दिसंना. कडेला नागमोडी चमकतंय." अर्ध्या तासात तिचं डोकं दुखायला लागलं आणि शाळेमागच्या नळाजवळ तिला उलटी झाली. हे तिला आधीही झालं होतं. घरच्यांनी चष्म्याच्या दुकानात नेऊन डोळे तपासून आणले होते, नंबर निघाला नव्हता. कुणीतरी सांगितलं म्हणून काही दिवस सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाऊन झाली. मग उताराही झाला. आईबाप मुलीसाठी धडपडतच होते, त्यांना जे जे कुणी सांगितलं ते ते त्यांनी केलं. मुलीच्या मनात मात्र एकच भीती होती, ती आंधळी होणार याची. ती कुणाला बोलली नव्हती. याला ऑरा म्हणतात, तो साधारण पाच मिनिटं ते तासभर राहतो, नजर पूर्ण परत येते, हे मी तिला फळ्यावर रेषा काढून समजावलं तेव्हा तिनं विचारलं, "नक्की ना बाई?" तिच्या आईला मी तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांकडे पाठवलं. पण हे माझ्या ओळखीवर का अवलंबून असावं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दरवर्षी आमच्या शाळेत येतं. डोळे, दात, कान, त्वचा, हृदय, फिट्स हे सगळं त्यांच्या यादीत आहे. डोकेदुखी नाही. पथकातले डॉक्टर मुलांशी प्रेमानं बोलतात, मी पाहिलं आहे. यादीत एक ओळ वाढली तर ते हाही प्रश्न विचारतील.

ऑराचा प्रश्न विचारण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याचा आपल्या खात्याशी थेट संबंध आहे. ज्या बाईला ऑरासह अर्धशिशी आहे तिनं इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात, कारण अशा बाईला पक्षाघाताचा धोका वाढतो. सरकारी कार्यक्रमातून वाटल्या जाणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आहे. त्याच कार्यक्रमातल्या छाया गोळीत ते नाही. म्हणजे पर्याय आपल्याकडेच, त्याच पेटीत आहे. फक्त गोळी देण्याआधी त्या बाईला कुणीतरी विचारायला हवं की डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही चमकतं का.

आता वेदनाशामक गोळ्यांविषयी. या पत्रातला हा भाग आपण कृपया सावकाश वाचावा.

आमच्या भागातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आहेत. चूल लाकडाची, खोली लहान, वर पत्रा. धूर, मिरचीची फोडणी आणि ऊन, तिन्ही एकाच वेळी. मावशी पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी बांधून आणतात. दुखायला लागल्यावर घ्यायची ती गोळी त्या आता सकाळी चहाबरोबरच घेतात, दुखू नये म्हणून. दुपारी आणखी एक. पट्टी किराणा दुकानातही मिळते. मी विचारलं तर म्हणाल्या, "गोळी घेतल्याबिगर उभं ऱ्हावतच न्हाई बाई. न्हाई घेतली तर जास्तच उठतंय." त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला वैद्यकात नाव आहे, गोळ्यांच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामकं महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, तर मिश्र गोळ्या, अर्गोटामीन किंवा ट्रिप्टान 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलं की ज्याला डोकेदुखीचा त्रास आहे त्याचा मेंदू त्या गोळ्यांना सरावतो आणि गोळीचा अंमल उतरला की स्वतःच दुखायला लागतो. मग आणखी गोळी. अधूनमधून येणारी अर्धशिशी रोजची होण्यामागे हे मोठं कारण असतं. शिवाय पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं खराब होतात, आणि ते उघड होतं तेव्हा डोकेदुखीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

मावशींना हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्यानं सांगितलं नाही, ज्यांच्याकडे त्या सुई घ्यायला जायच्या त्यांनी सांगितलं नाही, आपल्या केंद्रातही सांगितलं नाही. यातून बाहेर पडता येतं. गोळ्या थांबवल्या की पहिले काही दिवस त्रास वाढतो, उलट्या होतात, झोप लागत नाही, आणि साधारण एक-दोन आठवड्यांत डोकं निवळायला लागतं. पण रोज पहाटे उठून दीडशे मुलांचा भात शिजवणाऱ्या बाईनं हे वाढीव दुखण्याचे दिवस एकटीनं कसे काढायचे? त्या काळात कुणी तरी बरोबर लागतं. दोनदा घरी येऊन विचारपूस करणारी आशाताई लागते, उलटीसाठी साधी गोळी लागते, आठवडाभर दुसरी कुणीतरी चूल सांभाळेल अशी सोय लागते. आणि मुख्य म्हणजे दुखणं मुळातच कमी करणारं औषध लागतं.

अशी औषधं आहेत आणि ती कितीतरी वर्षांपासून आहेत. प्रोप्रानोलॉल हे मूळचं रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध, अमिट्रिप्टिलिन हे मूळचं नैराश्याचं. दोन्ही अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी जगभर वापरली जातात, दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. रोज घ्यायची असतात, लहान मात्रेनं सुरुवात करायची असते आणि गुण येतो की नाही हे ठरवायला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात. दम्याच्या पेशंटला प्रोप्रानोलॉल द्यायचं नाही. अमिट्रिप्टिलिननं सुरुवातीला तोंड कोरडं पडतं आणि सकाळी झापड राहते, हे आधी सांगायचं, म्हणजे पेशंट घाबरून चौथ्या दिवशी सोडत नाही. व्हॅल्प्रोएटही या आजारावर चालतं, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते टाळायचं, कारण गर्भाला त्यापासून मोठा धोका असतो. एमबीबीएस डॉक्टरांच्या आवाक्याबाहेरचं यात काही नाही. जो डॉक्टर रक्तदाबाची गोळी सुरू करून महिन्यानं पेशंटला परत बोलावतो, तोच हेही करू शकतो. एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण, भिंतीवर लावायचा एक तक्ता आणि औषधांच्या मागणीपत्रात या गोळ्यांचा पुरेसा साठा, इतकं पुरे होईल.

त्या तक्त्यावर धोक्याच्या खुणाही ठळक असाव्यात. काही सेकंदांत कळस गाठणारं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं उठलेलं. हे पेशंट वेळ न घालवता पुढे पाठवायचे. बाकीच्यांना सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे मारायला लावू नये. मी असे हेलपाटे मारणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरात सगळे म्हणतात, बघ, तुला काही झालेलं नाही. त्या दिवसापासून ती दुखण्याबद्दल बोलायचीच बंद होते.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. आम्हा गावातल्या लोकांना त्याचा खरा आधार झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेनं अनेक घरं कर्जातून वाचवली. पण अर्धशिशीची बाई दवाखान्यात भरती होत नाही. ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात भरती होते. तिचा खर्च सुट्या गोळ्यांवर, सुयांवर, बामच्या डब्यांवर आणि बुडालेल्या मजुरीवर होतो, आणि तो कुठल्याही योजनेत मावत नाही. तिला मोफत ओपीडीचा फायदा तेव्हाच होईल जेव्हा त्या ओपीडीत तिच्या आजाराचं औषध असेल.

औषधाइतकंच सल्ल्याचंही आहे, आणि सल्ला तिच्या आयुष्यातला हवा. आठ तास झोपा, ताण घेऊ नका, वेळेवर जेवा, हे छापील पत्रकात असतं. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईला वेळेवर जेवा सांगून काय होणार? तिच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगायला हवं की हिचं जेवण लांबलं तर हिचं डोकं उठतं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. उपवासाचंही तसंच. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, वटपौर्णिमा, मंगळवार, गुरुवार. श्रद्धेला हात न लावता आशाताई सांगू शकते की उपवास करा पण पोट रिकामं ठेवू नका, दर तीन-चार तासांनी काहीतरी खा, पाणी प्या, नुसत्या चहावर दिवस काढू नका. केस धुण्याचं उदाहरण तर आपल्याच राज्यातलं आहे. डोक्यावरून न्हाल्यावर डोकं उठतं, हे आमच्या आज्या सांगत आल्या. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 94 भारतीय पेशंटांची अशी निरीक्षणं नोंदवून 2006 मध्ये 'सेफॅलॅल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या यादीत चीज आणि रेड वाइन असते. आमच्या यादीत ओले केस, उपास, दुपारचं ऊन, चुलीचा धूर, उदबत्ती आणि एसटीच्या डिझेलचा वास आहे. केंद्रातली यादी आमची हवी.

आवाजाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो विषय गृहखात्याचाही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात आणि लेसरचे झोत घराच्या खिडकीतून आत फिरतात, तेव्हा अर्धशिशीच्या पेशंटला दारं-खिडक्या लावून, उशीखाली डोकं घालून पडण्याशिवाय काही करता येत नाही. उत्सव आम्हालाही प्रिय आहेत. मला ढोल-ताशाच्या मागून चालायला आवडायचं. परवानगी देताना होणाऱ्या बैठकांत आपल्या खात्यानं डॉक्टर म्हणून बोलावं, आवाजाचा आणि प्रकाशाचा मेंदूवर काय परिणाम होतो ते मंडळांना सांगावं. आमचे तरुण समजावून सांगितलेलं ऐकतात, हा माझा शिक्षिका म्हणून अनुभव आहे.

शाळा आणि नोकरीच्या ठिकाणीही फार काही लागत नाही. मुलाला घरी पाठवण्याऐवजी तासभर पडता येईल अशी शांत, अंधारी खोली, हाताशी पाणी आणि खाऊ, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच घेण्याची मुभा. उशीर झाला की गोळीचा गुण कमी होतो, कारण झटक्यात पोटाचं कामही मंदावतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये आला आणि त्यात 21 प्रकार आहेत. जुनाट मेंदूविकारांचा उल्लेख आहे, पण अर्धशिशीचं नाव नाही. प्रमाणपत्राचा तो प्रश्न मोठा आहे, केंद्राच्याही अखत्यारीतला आहे, त्यासाठी आज अडून बसावं असं मला वाटत नाही. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरनं केसपेपरवर "अर्धशिशी" असं निदान लिहिलं, तरी मुख्याध्यापकांना आणि मुकादमाला दाखवायला हातात एक कागद येतो. आज तोही नाही. जी बाई ऊसतोडीच्या फडात डोकं धरून बसते तिच्या नावावर फक्त खाडा लागतो.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी 2022 ते 2031 असा कृती आराखडा मंजूर केला. भारत त्या सभेचा सदस्य आहे. मेंदूच्या आजारांची सेवा प्राथमिक पातळीवर यावी, असं त्या आराखड्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रानं त्याची सुरुवात डोकेदुखीपासून करावी, कारण मेंदूच्या आजारांत सगळ्यांत जास्त लोकांना होणारा आणि सगळ्यांत कमी खर्चात आवरता येणारा हाच आहे.

सगळ्या राज्यात एकदम करा असं मी म्हणत नाही. एका जिल्ह्यातला एक तालुका घ्या. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या. दोन गोळ्यांचा साठा ठेवा, अडलेल्या पेशंटसाठी ई-संजीवनीवर मेंदूविकारतज्ज्ञांची ठरलेली वेळ ठेवा. सहा महिन्यांनी मोजा की किती जणांचे दुखण्याचे दिवस घटले आणि किती जणांच्या दुकानातल्या गोळ्या सुटल्या. मोजण्यासाठी नवं ॲप नको. आमच्याकडे घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते आणि बायका तिच्यावर दुधाचा हिशोब मांडतात. त्याच चौकटीत दुखलं त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली तर तिच्याभोवती गोल काढायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशींनी हे गेल्या काही महिन्यांत करून दाखवलं आहे, आणि त्यांच्या फुल्या कमी होताना मी पाहिल्या आहेत.

त्या तालुक्यात काम करायला मी आणि माझ्यासारख्या काही शिक्षिका सुट्टीच्या दिवशी येऊ. मराठीतलं पत्रक लिहून देऊ, महिला बचत गटांच्या बैठकांत बोलू, शाळांमधून मुलींना विचारू. तालुका कोणता ते आपण ठरवून कळवावं. आमचा निवडलात तर या जूनमध्ये शाळा उघडतानाच सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका, सातारा जिल्हा

प्रत माहितीसाठी : मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग